पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक

अंबादासने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. फसवणारा तो, फसलेला मी, आणि ज्याच्या पायी हे झालं ते एक पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेलं पुस्तक.

मार्च सरत आला की हे हटकून आठवतं. सोलापूरचं ऊन तेव्हा नुसतं तापत नाही, ते भिंतीतून आत येऊन बसतं. दुकानाचं शटर सकाळी वर करतानाच हाताला चटका देतं. रस्त्यावरच्या कडुलिंबांना फुलं आलेली असतात, त्यांचा कडवट गोड वास आणि जुन्या पुस्तकांचा वास दुपारी एकमेकांत मिसळतो. त्या वासाला मी परीक्षेचा वास म्हणतो. पेपर सुटला की पोरं घोळक्याने येतात. बोटांची शाई वाळलेली नसते आणि पुस्तक विकायला काढलेलं असतं. वर्षभर ज्याच्यावर डोकं टेकून झोपले, ते पुस्तक त्यांना घरीसुद्धा न्यायचं नसतं.

अलीकडे त्यातला प्रत्येक तिसरा मला एकच प्रश्न विचारतो. "काका, कॉम्प्युटरला कुठलं पुस्तक चांगलं?"

गावात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेत. माझ्या दुकानात त्या पुस्तकांची एक अख्खी भिंत आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याने आधी काय वाचावं, मग काय वाचावं, कशाला हातही लावू नये, हे मी झोपेतसुद्धा सांगीन. क्लासचे मास्तर पोरांना माझ्याकडे पाठवतात. "बाळूशेठला विचारा, ते सांगतील ते घ्या." लोकांना यात माझा मान दिसतो. मला प्रत्येक वेळी अंबादास दिसतो. पांढरा शर्ट, कुरळे केस, आणि हातात माझं पुस्तक.

माझं म्हणतो, कारण ते माझ्याच गाड्यावरचं होतं.

हे दुकान नंतरचं. आधी कॉलेजच्या कुंपणाला लागून, कडुलिंबाखाली, माझा हातगाडा होता. मी सांगोल्याकडचा. सोलापुरात आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, पाठीशी कुणी नव्हतं. सकाळी कॉलेज, मग दिवसभर गाडा, असं करत मी बी.कॉम. झालो. अकाउंटन्सीची गणितं गिऱ्हाइकांच्या अधेमधे सोडवली. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. मी जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं, फुकट मला काही मिळालं नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

अंबादास सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. त्याच्या घरी तेलुगू बोलत, आणि त्याच्या वडिलांचे, म्हणजे नायनांचे, चादरीचे माग होते. तो बी.एस्सी.ला होता. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राचं पुस्तक घ्यायला आला आणि मी सांगितलेला भाव त्याने निमूट दिला. मला इतकं विचित्र वाटलं, की मी त्याला परत बोलावलं.

"अरे, घासाघीस करायची असते."

"का?"

"मी जास्त सांगितला म्हणून."

"मग कमी सांगायचा की," तो म्हणाला आणि गाड्यामागच्या फळीवर बसला. तिथून तो चार वर्षं उठला नाही. दुपारी त्याच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यायची, ती आम्ही दोघं खायचो. गिरणीचा भोंगा झाला की तो घरी जायचा, मी गाड्यावर ताडपत्री ओढायचो.

त्या फळीवर बसून त्याने माझा धंदा पाहिला. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात एक रीत आहे, ती कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येते. गिऱ्हाइकाला जे पुस्तक हवं असतं, त्याला तो नावं ठेवतो. "जुनी आवृत्ती आहे," "पानं पिवळी पडलीत," "आमचे सर हे लावत नाहीत," असं म्हणत ते बाजूला सारतो, नको असलेल्या दोन पुस्तकांचा भाव विचारतो, आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं, "आणि ह्याचं काय?" विकणाऱ्याचं उलटं. जे खपवायचं त्याची स्तुती, जे राखून ठेवायचं त्याची निंदा. म्हणून गाड्यावर मी तोंडाच्या स्तुतीकडे कधी लक्ष दिलं नाही. कोण कशाला वाईट म्हणतो एवढंच पाहायचो. वाईट म्हटलेलं पुस्तक मी आधी हाताखाली घ्यायचो. त्यात माझं कधी चुकलं नाही.

अंबादास सुरुवातीला हसायचा. पुढे पुढे त्यालाही ते जमायला लागलं. एक प्रसंग मुद्दाम सांगतो.

माढ्याकडचा एक पोरगा आला होता. धोतर नेसलेले वडील लांब सावलीत उभे, आणि हा मिसरूड फुटलेला, कपाळावर आठ्या घेऊन. शहरातले सगळे आपल्याला लुटायला बसलेत असं त्याला पक्कं वाटत होतं. त्याला गणिताचं पुस्तक हवं होतं. मी चांगलं पुढे केलं, त्याने ते असं ढकललं जसं काही मी साप दिला.

"तुमी हेच का देताय? खपत न्हाय व्हय?"

मी जितकं सांगावं तितका तो मागे सरकायचा. बाजूला एक टाकाऊ गाइड होतं, त्यावर त्याने हात ठेवला. तेवढ्यात फळीवरून अंबादास मला म्हणाला, "बाळू, ते गणिताचं आत ठेव. सरांनी राखून ठेवायला सांगितलंय. आणि ह्यांना ते लई अवघड जाईल की, ह्यांना गाइडच दे."

पोराचे कान टवकारले. "कुटं ठेवताय? दावा बरं परत." त्याने ते पुस्तक घेतलंच, वर आम्हाला हरवल्याच्या ऐटीत चालत गेला. आम्ही दोघं तो दिसेनासा होईपर्यंत हसू दाबून बसलो.

"खोटं बोललास," मी म्हणालो.

"त्याच्या डोक्यात खरं शिरत नव्हतं. मग काय करणार," अंबादास म्हणाला. "पोरगा पास तर होईल."

हे त्याचे शब्द आहेत. मला ते जसेच्या तसे आठवतात, कारण पुढे मी ते कितीदा तरी मनात घोळवले.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा. भिंतीवर निवडणुकीचे रंग अजून ओले होते आणि सगळ्यांच्या बोलण्यात काहीतरी नवं सुरू झाल्याची गडबड होती. आम्ही दोघं पदवीधर झालो होतो आणि दोघंही बेकार. म्हणजे अंबादास बेकार, मी गाडेवाला. मग वर्तमानपत्रात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात आली. प्रोग्रामर हवेत, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल, परीक्षा घेऊ, निवडलेल्यांना आम्हीच शिकवू. ‘कुठल्याही शाखेचा’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी दार उघडं ठेवून बोलावत होतं.

कॉम्प्युटर म्हणजे काय हे सोलापुरात कुणी पाहिलेलं नव्हतं. एका गिरणीच्या पगाराचे आकडे मुंबईला जातात आणि तिथे कुठलं तरी यंत्र हिशेब करून देतं, एवढी वदंता होती. पुस्तकं तर दूरच. पण नशीब बघा. त्याच आठवड्यात गिरणीतला एक इंजिनियर बदली होऊन गेला, त्याच्या बंगल्यातली रद्दी भंगारवाल्या रसूलभाईकडे आली, आणि रसूलभाईने मला हाक मारली. मी गठ्ठ्यातलं एकेक पुस्तक बघायला लागलो तर तो वैतागला. "कायकू देखरा रे? सब एकीच वजन है, उठाव."

वजनाच्या भावात मी तो गठ्ठा उचलला. त्यात कॉम्प्युटरची दोन पुस्तकं निघाली. अख्ख्या सोलापुरात दोन, आणि ती माझ्या गाड्यावर.

एक जाडजूड, निळ्या कापडाच्या बांधणीचं, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत गुळगुळीत कागदावर फोटो. दुसरं पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं, टाइपरायटरवर छापल्यासारखं, चहाचा डाग पडलेलं. अंबादासने दोन्ही पुस्तकं दुपारभर फळीवर बसून चाळली. मी गिऱ्हाइकं करत होतो, पण डोळा त्याच्यावर होता. निळं त्याने भराभर उलटलं. पिवळ्यापाशी तो थांबला, बोटाने हवेत काहीतरी मोजायला लागला आणि एकदम म्हणाला, "अरे, हे तर आमच्या घरातलं आहे."

त्याच्या घरचे माग मी पाहिले होते. चादरीवरची मोरांची, फुलांची नक्षी उठवायला मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. नायना ते पुठ्ठे पाडायचे. कुठे भोक, कुठे कोरं, ते त्यांना न बघता कळायचं. पोरगा त्या खटखटीत जन्मला, त्या पुठ्ठ्यांशी खेळत वाढला. मी बाभळीखाली शेरडं राखत वाढलो. त्याला हे जन्मतःच अर्धं येत होतं, आणि मी विकत घेतलेल्या पुस्तकातून त्याला ते उमगत होतं.

तो खाली उतरला आणि पिवळं पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"बाळू, हे तू घे. खरं पुस्तक हे आहे. यंत्राला काम कसं सांगायचं, आधी काय, नंतर काय, चुकलं तर परत कुठून धरायचं, सगळं आहे. खाली गणितं पण आहेत. मी ते निळं बघतो."

"निळ्यात काय आहे?"

"काही नाही रे. यंत्राच्या पोटात काय काय असतं ते. जुनं आहे. परीक्षेला उपयोगाचं नाही."

आता तुम्हीच सांगा. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? तो एका पुस्तकाची स्तुती करून ते माझ्या गळ्यात घालत होता, आणि दुसऱ्याला जुनं, निरुपयोगी म्हणून स्वतःकडे ओढत होता. ही रीत तो माझ्याच गाड्यावर शिकला होता. मी मनात म्हटलं, वा रे गड्या, माझाच डाव माझ्यावर.

"निळं मी घेतो," मी म्हणालो.

"खरंच? बघ हं. वाटलं तर पंधरा दिवसांनी बदलू की."

बदलायची भाषा ऐकली आणि माझी खात्री पटली. त्याला निळं हवं होतं. "बदलाबदली नाही," मी म्हटलं. "सौदा झाला की झाला. परीक्षेपर्यंत ज्याचं त्याच्याकडे."

त्याने खांदे उडवले. पिवळं पुस्तक शर्टाच्या आत सरकवलं आणि भोंगा झाला तसा निघून गेला. मी जिंकलो असं समजून त्या दिवशी उसाचा रस प्यालो. त्याची चव अजून जिभेवर आहे.

मग तो उन्हाळा मी निळ्या पुस्तकात घालवला. ताडपत्रीखाली कढई तापल्यासारखं व्हायचं, पानांवर घाम टपकायचा, आणि मी इंग्रजी शब्द डिक्शनरीत शोधत वाचायचो. काचेचे व्हॉल्व्ह कसे तापतात. तारांची जाळी कशी विणतात. आकडे साठवणारं पिंप कसं गरगर फिरतं. फोटोतली माणसं कोट घालून, कपाटाएवढ्या यंत्रांपुढे गंभीर उभी. मला ते सगळं फार आवडलं, हेही लिहितो. एवढं सुंदर पुस्तक आजवर माझ्या हाती आलेलं नाही. संध्याकाळी गार वारा सुटला की मी पूर्व भागाकडे बघायचो आणि मला वाटायचं, बिचारा अंबादास, टाइप केलेली गणितं सोडवत बसला असेल.

पुण्यातल्या परीक्षेत व्हॉल्व्हचा उल्लेखही नव्हता. पिंपाचा नव्हता, तारांचा नव्हता. प्रश्न असे होते, की पत्त्यांचा एक जोड विस्कटलेला आहे, तो क्रमाने लावायला एका अडाण्याला सूचना लिहा, तो स्वतःचं डोकं वापरणार नाही हे धरून चाला. मी तीन ओळी लिहिल्या आणि थांबलो. माझ्या पुढच्या बाकावर अंबादासची पाठ होती. ती पाठ एकदाही सरळ झाली नाही. पेन चालतच होतं, माग चालावा तसं, एका लयीत.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. दौंड गेल्यावर म्हणाला, "त्या पुस्तकातलंच आलं होतं रे. जवळजवळ तेच गणित."

मी झोपेचं सोंग घेतलं.

त्याचं झालं. तो पुण्याला गेला, मग मुंबईला, मग समुद्रापलीकडे. सुरुवातीला त्याची पत्रं यायची. मी उत्तरं लिहायचो, फाडायचो. नायना वारले तेव्हा तो आला होता. त्याच्या अंगातला कोट बघून मला पहिल्यांदा निळ्या पुस्तकातली माणसं आठवली. ती यंत्रं मी पाहिली फोटोत. तो त्यांच्यापुढे उभा राहून आला होता. माझं पुढे बरं झालं, कुणी कीव करायचं कारण नाही. गाड्याचं दुकान झालं, दुकानाच्या वर घर झालं. पण एखाद्या दुपारी पोरगं समोर येऊन प्रोग्रामिंगचं पुस्तक मागतं, आणि त्याच्या डोळ्यांत ते दार उघडं दिसतं. त्या पोराचासुद्धा मला हेवा वाटतो. ते माझ्याशी चार आण्यांवरून वाद घालत असतं तेव्हासुद्धा.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजने अंबादासला व्याख्यानाला बोलावलं. मी शेवटच्या रांगेत बसलो. केस पिकलेत, पण कुरळे तसेच. मराठीतला ‘की’ तसाच. एका मुलीने उठून विचारलं, सर, आम्ही कोणती पुस्तकं वाचावीत? मी कान दिले. म्हटलं बघू, हा काय सांगतो. त्याने चार चांगली नावं सांगितली. चारही माझ्या भिंतीवर आहेत. मग थांबला आणि म्हणाला, "पण मला घडवलं ते एका पातळ पिवळ्या पुस्तकाने. ह्याच कॉलेजच्या कुंपणाशी माझ्या मित्राचा गाडा होता. दोन पुस्तकं होती आणि त्याने मला चांगलं दिलं. स्वतःला दुसरं ठेवलं. तो मित्र इथे बसला आहे."

लोकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्या एका खोट्यासाठी होत्या. मी बसून राहिलो. उठून काय सांगणार होतो?

बाहेर मी त्याला गाठलं. पोरं वहीवर सह्या घेत होती.

"अंबादास, तेव्हा तू मला पिवळंच घे का म्हणालास?"

"चांगलं होतं म्हणून."

"ते तू तोंडाने बोललास. गाड्यावर तोंडाच्या स्तुतीवर कोण विश्वास ठेवतं?"

"मग कशाने बोलायचं की?" तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळू, तू मोठ्या मनाचा. नाहीतर मी आजही मागावरच असतो." कुणीतरी गाडीचं दार उघडलं, तो आत बसला, काच वर गेली.

म्हणून हे लिहितोय. काच वर गेली तेव्हा जे विचारायचं राहिलं ते सगळ्यांसमोर विचारतो.

काल एक मुलगा आला होता. दुधनीचा, मराठीत मधेच कानडी शब्द येणारा, कपाळावर त्याच जुन्या आठ्या. त्याच्या हातात रंगीत कव्हरचं एक जाडं, फुसकं पुस्तक होतं. माझ्याकडे बघतच नव्हता. मी चांगलं पुस्तक फळीवरून काढलं, त्याला दिसेल असं धरलं आणि नोकराला म्हणालो, "हे आत ठेवून दे. ह्यांना झेपणार नाही." मुलाने मान वळवली. दोन मिनिटांत ते पुस्तक त्याच्या पिशवीत होतं. ही युक्ती माझी नाही. फळीवर बसून माझ्यादेखत ती एकाने केली होती.

तेव्हा अंबादास, उत्तर दे. तू मला खरं सांगितलंस ही सबब मला सांगू नकोस, ती मला माहीत आहे. तू मला ओळखत नव्हतास असं तरी म्हण, मग चार वर्षं माझ्याबरोबर भाकरी वाटून खाताना तू कुणाकडे बघत होतास ते सांग. आणि ओळखत असशील, माझ्या डोक्यात खरं शिरत नाही हे तुला ठाऊक असेल, तर माढ्याच्या त्या पोरासाठी, ज्याचं नाव तुला आजही माहीत नाही, तू एक खोटं बोललास. पिवळं पुस्तक माझ्यापुढे धरून "हे तुला झेपायचं नाही" एवढंच म्हणायचं होतं. तेवढं एक खोटं तू माझ्यासाठी का बोलला नाहीस?